लेखनिक मिळाला, पण जाहिरात वाचायची कशी?

समजा, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एक अंध मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. परीक्षेला तिला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस हवा, तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ हवा. पण त्याच्या कितीतरी आधी परीक्षेची जाहिरात वाचायची आहे, ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. आपण हे सगळं ‘दिव्यांगांच्या सवलती’ म्हणून एकाच पिशवीत टाकतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तसं करत नाही. लेखनिक ही वाजवी सोय. वाचता येणारी जाहिरात ही सुगम्यता.

वाजवी सोय त्या-त्या माणसापुरती असते. त्याने अडचण सांगायची, संस्थेने बदल करायचा, आणि संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये ही मर्यादा कायद्यातच आहे. त्यामुळे इथे घासाघीस होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देणारे विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास. दिव्यांगत्व 40 टक्के नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला. लेखनिकासाठी ती अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं.

सुगम्यतेत मागण्याचा प्रश्नच नाही. कोणी अंध माणूस येवो न येवो, व्यवस्था आधीच तशी हवी. कलम 42 नुसार छापील, श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असायला हवा. त्यात ध्वनिवर्णन (पडद्यावर काय दिसतं ते बोलून सांगणं), सांकेतिक भाषा आणि कॅप्शनही आली. मराठीत तर आणखी एक मेख आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, की स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते नुसतं चित्र. आणि युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना अगदी शुद्ध मराठी दिसतो, ऐकताना मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी कानावर पडते. टाइप करणाऱ्याला याचा पत्ताही नसतो!

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोय आणि सुगम्यता यांतला हाच फरक मांडला. सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी ठरवणारा, याच कायद्याखालचा नियम 15(1) रद्द झाला आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला 3 महिने दिले गेले.

घोळ होतो तो इथे: अर्ज उघडत नाही म्हटलं, की ‘कार्यालयात या, आमचा माणूस भरून देईल’ असं उत्तर मिळतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पासवर्ड आणि बँकेचा तपशील परक्याला सांगायचा, ही सुगम्यता नव्हे. उलट बाजूनेही तेच: संकेतस्थळ उत्तम चालतं म्हणून लेखनिक नाकारता येत नाही.

राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. लेखनिकाची तक्रार तिथे करायची तर काय मागितलं, कधी मागितलं आणि काय उत्तर आलं ते लिहावं. संकेतस्थळाची असेल तर पानाचा पत्ता, स्क्रीन रीडरचं नाव आणि गाडी नेमकी कुठल्या रकान्यात अडली, तेवढं द्यावं.