कोपऱ्यावरचे साडेसात मीटर

माझी बहीण न्यू जर्सीत, होबोकेनला राहते. तिच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी तिथे एका चौकात रस्ता ओलांडायला थांबलो होतो. झेब्रा क्रॉसिंगला अगदी खेटून कुणीतरी उंच गाडी लावली होती. मला मान पुढे काढून कसाबसा रस्ता दिसत होता. भाचीला दिसत होतं ते फक्त गाडीचं दार. मग तिनं कुठलंही मूल करेल तेच केलं. नीट दिसावं म्हणून ती दोन पावलं पुढे, थेट रस्त्यात गेली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

पुढच्या चौकात तसं काही झालं नाही. तिथे कोपऱ्यापासून साडेसात मीटरपर्यंत एकही गाडी नव्हती. रंगाचे पट्टे मारलेले होते, प्लास्टिकचे वाकणारे खांब होते, सायकली लावायचा स्टँड होता. भाची फुटपाथवरच उभी राहिली आणि येणारी गाडी तिला लांबूनच दिसली.

होबोकेन हे हडसन नदीच्या काठचं, न्यूयॉर्कच्या समोरचं छोटं शहर. जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर जागेत साठ हजार माणसं राहतात. जानेवारी 2017 नंतर सलग सात वर्षांहून अधिक काळ तिथे वाहन अपघातात एकही माणूस दगावला नाही. शून्य बळींचं ध्येय स्वीडनच्या संसदेनं 1997 मध्ये धोरण म्हणून मंजूर केलं होतं. मोठमोठ्या शहरांनी ते घोषणा म्हणून उचललं. या छोट्या शहराला ते कसं साधलं, हे समजून घ्यायला शाळेतली भूमिती आणि थोडं भौतिकशास्त्र पुरतं.

आधी भूमिती. उभी गाडी रस्त्याची साधारण दोन मीटर रुंदी अडवते. चालत्या गाडीतल्या चालकाचा डोळा फुटपाथच्या कडेपासून सुमारे चार मीटरवर असतो. मूल कडेला, झेब्रा पट्ट्यांच्या मध्यावर उभं आहे असं धरा. उभ्या गाडीचा बाहेरचा कोपरा मुलापासून रस्त्याच्या दिशेनं जितका लांब, त्याच्या दुप्पट अंतरावरून चालकाला मूल दिसू लागतं. समरूप त्रिकोणांचा हा सरळ हिशेब आहे. गाडी पट्ट्यांना खेटून असेल तर तो कोपरा दोन मीटरवर येतो, म्हणजे मूल चालकाला चार मीटरवरून दिसतं. तेवढ्यात पाय ब्रेकपर्यंतही जात नाही. पट्ट्यांपासून साडेसात मीटर मोकळे ठेवले की कोपरा साडेनऊ मीटरवर जातो आणि मूल एकोणीस मीटरवरून दिसतं.

आता हे एकोणीस मीटर लक्षात ठेवा. 2022 मध्ये होबोकेनच्या सिटी कौन्सिलनं शहरातली वेगमर्यादा ताशी 25 मैलांवरून 20 मैलांवर आणली, म्हणजे सुमारे 40 वरून 32 किलोमीटरवर. हा फरक किरकोळ वाटतो. पण चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागतो असं धरलं, तर 32 च्या वेगानं गाडी तेवढ्यात 13 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी सहाएक मीटरमध्ये थांबते. एकूण एकोणीस. चाळीसच्या वेगानं ब्रेक लागेपर्यंतच 17 मीटर संपलेले असतात. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून ताशी जवळजवळ 35 किलोमीटरच्या वेगात असते. ताशी आठ किलोमीटरच्या फरकानं एक गाडी मुलासमोर थांबते आणि दुसरी त्याला धडकते. हे गणित मी दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा माझाच त्यावर विश्वास बसला नाही.

कोपऱ्यापासून 25 फूट, म्हणजे साडेसात मीटर, गाडी लावू नये हा न्यू जर्सीचा राज्य कायदाच आहे. तरीही गाड्या लागत होत्या, कारण रंगवलेली मोकळी जागा फार वेळ मोकळी राहत नाही. "दोनच मिनिटं" म्हणत सामान पोचवणारी व्हॅन तिथे उभी राहते आणि त्या दोन मिनिटांपुरती भिंत पुन्हा तयार होते. म्हणून शहरानं ती जागा भरूनच टाकली. खांब आणि सायकल स्टँड लावले, काही चौकांत फुटपाथच रस्त्याच्या दिशेनं पुढे वाढवला. फुटपाथ वाढवला की मूल उभ्या गाड्यांच्या रेषेत येऊन उभं राहतं आणि आडोसाच उरत नाही. शिवाय दहा मीटरचा रस्ता दोन्हीकडून दोन-दोन मीटरनं आखडला की ओलांडायचं अंतर सहा मीटर उरतं. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर धरला तर चार सेकंद वाचतात. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांचे त्याहून जास्त. वळणही आवळतं, त्यामुळे गाडीला वेग कमी करूनच वळावं लागतं.

यातलं बरंच काम रस्त्यांच्या नेहमीच्या डांबरीकरणाबरोबरच उरकून घेतलं गेलं. रस्ता तसाही उकरायचा, पट्टे तसेही नव्यानं मारायचे. खरी अडचण पैशांपेक्षा पार्किंगची असते. नऊ सदस्यांच्या कौन्सिलमध्ये असा नियम करायचा तर दोन वाचनं होतात, दुसऱ्या वाचनाला नागरिकांचं ऐकून घ्यावं लागतं. पार्किंगची एक जागा गेली तर रोज तिथे गाडी लावणाऱ्याला ते लगेच कळतं. वाचलेल्या माणसाला मात्र आपण वाचलो हे कधीच कळत नाही, त्यामुळे तो सभेला येत नाही.

शून्य हा आकडा जपून वाचायला हवा, हेही खरं. लहान शहरात मुळात मृत्यू कमी, त्यामुळे नशिबाचा वाटा असू शकतो. वर्षाला सरासरी एक मृत्यू होणाऱ्या शहरात सलग सात वर्षं निव्वळ योगायोगानं कोरडी जाण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. पण सरासरी दोन वर्षांत एक असेल, तर हीच शक्यता शंभरात तीन होते. म्हणून जखमींची नोंद जास्त बोलकी असते; ते आकडे मोठे असतात.

होबोकेन सखल आहे, पावसात तुंबतं. त्यामुळे काही वाढवलेल्या कोपऱ्यांत पाणी मुरवणारे वाफे केले आहेत. मला ही जोडणी फार आवडली. फक्त त्या वाफ्यांत लावायची झाडं बुटकीच असावी लागतात. ती गुडघ्याच्या वर गेली, की सात वर्षांच्या मुलीपुढे पुन्हा तोच आडोसा उभा राहतो.