लासा विषाणू रक्तातून लघवीत कसा उतरतो?

उंदराची लघवी म्हटली की आपल्याकडे लेप्टो आठवतो. तो जिवाणू. पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया, सिएरा लिओन, लायबेरिया, गिनी या देशांत याच वाटेने एक विषाणू माणसांत येतो. त्याचं नाव लासा. 1969 मध्ये नायजेरियातल्या लासा गावातल्या रुग्णांमुळे तो पहिल्यांदा ओळखला गेला.

त्याचा वाहक मॅस्टोमिस जातीचा उंदीर. घरात साठवलेल्या धान्याच्या आसपास वावरणारा, आणि पिल्लं घालण्यात आपल्या उंदरांनाही मागे टाकणारा. अंगात विषाणू असूनही तो स्वतः ठणठणीत राहतो आणि जाईल तिथे लघवीतून विषाणू सांडत फिरतो. माणसं त्या लघवीचा शिंतोडा पडलेलं अन्न खातात, किंवा ती लघवी मिसळलेली धूळ श्वासावाटे आत घेतात.

पण रक्तातला विषाणू लघवीत पोचतो कसा? मूत्रपिंडाची गाळणी अल्ब्युमिनसारखं प्रथिनही सहसा सोडत नाही. विषाणूचा कण त्याहून कितीतरी मोठा, तो नुसता गळून जाणं कठीण. पेशीत शिरून पलीकडे निघणं हा मार्ग उरतो.

मूत्रपिंडातल्या मूत्रनलिकेच्या अस्तरातली पेशी चाळीतल्या खोलीसारखी असते: एक दार गॅलरीत, दुसरं मागच्या गल्लीत. तिची एक बाजू वर, नलिकेच्या पोकळीकडे, म्हणजे लघवीकडे असते. दुसरी खाली, रक्तवाहिन्यांकडे. दोन्हीकडची प्रथिनं वेगळी असतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून 1958 मध्ये मिळवलेल्या एमडीसीके पेशी प्रयोगशाळेत आजही वाढवतात, आणि ही दुतोंडी रचना त्या तिथेही टिकवतात. सच्छिद्र पडद्यावर त्यांचा सलग थर वाढवला, की वरच्या आणि खालच्या द्रवात काय येतं ते वेगवेगळं तपासता येतं.

लासाच्या बाबतीत उत्तर मोठं मासलेवाईक निघालं. विषाणू शिरतो मुख्यतः खालून आणि नवे कण बाहेर पडतात ते वरून. खालून शिरण्याचं कारण सरळ आहे. तो ज्याला चिकटतो ते अल्फा-डिस्ट्रोग्लायकन हे प्रथिन पेशीला तिच्या बैठकीशी बांधून ठेवतं, त्यामुळे ते असतंच तळाशी. वरून निघण्यामागे मात्र विषाणूचा स्वतःचा हात आहे. त्याच्या पृष्ठभागावरचं जीपी हे प्रथिन पेशीच्या वरच्या पटलाकडे जातं, आणि झेड नावाचं छोटं प्रथिन बहुधा त्याच्यामागून तिथे ओढलं जातं. मग झेडच्या मदतीने विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय ऐवज, कणात भरला जातो. या सगळ्यात पेशी फुटत नाही, हे मला सर्वांत धूर्तपणाचं वाटतं. पेशी जगली तर कारखाना चालू राहतो.

अर्थात ही पेशी कुत्र्याची आणि काचेतली. जिवंत उंदराच्या मूत्रपिंडात रोगप्रतिकारशक्तीही असते, तेव्हा हे चित्र जसंच्या तसं तिथे लावताना हात राखून बोलावं.

माणसात सुमारे 80 टक्के लोकांना लक्षणंच नसतात किंवा सौम्य ताप येतो. आजार बळावला तर रक्तस्राव होऊ शकतो. वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येतं. माणसाच्या लघवीतही हा विषाणू 3 ते 9 आठवडे सापडू शकतो. म्हणून ताप उतरून घरी गेलेल्या रुग्णाच्या लघवीबाबतही घरच्यांना काळजी घ्यावी लागते.