मूल म्हणावं की मालमत्ता?

डिसेंबर २०२० मधली गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात, इस्पितळातला एक रुग्ण भटकत भटकत वंध्यत्व केंद्राच्या साठवण-खोलीत शिरला आणि त्याने गोठवलेले काही भ्रूण उचलले. ते ठेवलेले होते उणे १९६ अंश सेल्सिअसला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये. इतका गारठा विस्तवासारखाच पोळतो. हात भाजला, भ्रूण खाली पडले आणि संपले.

जोडप्यांनी केंद्रावर दावा लावला तो अल्पवयीन मुलाच्या अपमृत्यूची भरपाई मिळवून देणाऱ्या १८७२ च्या कायद्याखाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला मुभा दिली: गर्भाशयाबाहेरचा भ्रूणही या कायद्यापुरता मूलच! काही केंद्रांनी धसका घेऊन आयव्हीएफच, म्हणजे शरीराबाहेर बीज फळवून गर्भधारणा करून देणंच, थांबवलं. मार्चमध्ये विधिमंडळाने घाईघाईने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला. भ्रूण मूल की नाही, या प्रश्नाला मात्र त्यात हात लावला नाही.

केंद्रं घाबरली, कारण आयव्हीएफमध्ये भ्रूण उरतातच. इंजेक्शनं देऊन एका वेळी अनेक बीजं मिळवतात. फळलेल्यांपैकी काहीच पाचव्या दिवसापर्यंत टिकतात. एखादा गर्भाशयात सोडतात, बाकीचे गोठवतात. पाचव्या दिवशीचा भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा, टिंबाएवढा गोळा. साधं गोठवलं तर पेशीतल्या पाण्याचे बर्फकण आतून टोचतात. म्हणून बरंचसं पाणी काढून संरक्षक द्रव भरतात आणि इतक्या झपाट्याने थंड करतात की बर्फ न होता सगळं काचेसारखं घट्ट होतं. त्या थंडीत पेशींचं घड्याळ थांबतं.

बाहेर मात्र संसार मोडतात. टेनेसीत एका घटस्फोटात सात भ्रूणांवरून भांडण लागलं; बायकोला ते दुसऱ्या जोडप्याला द्यायचे होते, नवऱ्याला बाप व्हायचंच नव्हतं. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भ्रूण ना व्यक्ती, ना मालमत्ता; त्यांचा मान दोहोंच्या मधला. पारडं नवऱ्याकडे झुकलं. मला हा निकाल अलाबामापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. पुढे नष्ट होऊ द्यायचे, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. अमेरिकेत २०२२ मध्ये जन्मलेली एक जुळी भावंडं १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांतून आली. आपला कायदा लागू असता, तर त्यांची मुदत २००२ मध्येच संपली असती.