ड्रेडलॉक्स

ड्रेडलॉक्स : एकमेकांत गुंतून, पिळून व घट्ट बसून दोरासारख्या स्वतंत्र बटा झालेल्या केसांची रचना. ‘लॉक्स’ असे संक्षिप्त नावही रूढ आहे. मराठीतील ‘जटा’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी त्याला वैराग्याची छटा आहे. आणि ‘जट’ म्हणजे न विंचरल्यामुळे आपोआप झालेला, बहुधा एकच जाड गुंता. प्रस्तुत नोंदीत निसर्गतः कुरळ्या केसांवर जाणीवपूर्वक वाढवलेल्या व वर्षानुवर्षे राखलेल्या बटांचा विचार केला असून त्यांना ‘बट’ हाच साधा शब्द योजला आहे. वेणी सोडली की तिचे पेड सुटे होतात. पक्की झालेली बट तशी सुटत नाही, कारण तिला पेडच उरलेले नसतात.

शब्द व उगम : ‘ड्रेडलॉक्स’ हा शब्द जमैका या कॅरिबियन बेटावर १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी या कृष्णवर्णीयांच्या धर्मपंथाच्या अनुयायांच्या बोलीतून जगभर गेला. ‘ड्रेड’ म्हणजे धाक. पंथीयांच्या वापरात त्याचा अर्थ ईश्वराविषयीचा आदरयुक्त धाक व असा धाक बाळगणारा मनुष्य असा होतो. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकी बंदिवानांचे केस पाहून तिरस्काराने ‘ड्रेडफुल’ म्हटले, त्यावरून हे नाव पडले, अशी दुसरी व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. ती मनाला भिडणारी असली, तरी तिला त्या काळातील लेखी आधार दिला जात नाही. शब्दाचा लेखी वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच दिसतो. त्यामुळे पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. तिरस्काराचा अर्थ नको म्हणून काही जण ‘ड्रेड’ हा पूर्वपद गाळून केवळ ‘लॉक्स’ म्हणतात, हा त्या कथेचाच परिणाम होय.

रास्ताफारींमध्ये ही प्रथा कोठून आली, याविषयी चार मते आहेत. पहिले मत बायबलचे. गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नाझीर (ईश्वराला वाहून घेण्याचे) व्रत घेतलेल्याने डोक्याला वस्तरा लावू नये असे सांगितले आहे. पंथीय स्वतः हाच आधार देतात. मात्र वस्तरा न लावणे आणि केसांच्या बटा करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हा आधार प्रथेचे समर्थन करतो. तिचा उगम सांगतोच असे नाही. दुसरे मत केनियात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या माउ माउ लढवय्यांचे. जंगलात राहणाऱ्या या बंडखोरांचे लांब, गुंतलेल्या केसांतील फोटो पाहून जमैकातील तरुणांनी त्यांचे अनुकरण केले, असे हे मत आहे. त्याला कालक्रमाची अडचण येते. या बंडामुळे केनियात आणीबाणी जाहीर झाली ती १९५२ मध्ये. पण जमैकन समाजशास्त्रज्ञ बॅरी शेव्हान्स यांनी जुन्या अनुयायांच्या मुलाखतींवरून बटांचा प्रसार १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘यूथ ब्लॅक फेथ’ या गटाशी जोडला आहे. रूढ समाजाने आपल्याला बहिष्कृत मानले, तर तसेच दिसू, अशी या तरुणांची भूमिका होती. हे तिसरे मत. पंथाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लेनर्ड हॉवेल यांनी १९४० मध्ये वसवलेल्या ‘पिनॅकल’ या वसाहतीतील रक्षक बटा राखत, असेही सांगितले जाते. ते खरे मानल्यास प्रथा आणखी मागे जाते.

चौथे मत भारतीय प्रभावाचे. भारतातून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज जमैकात १८४५ मध्ये पोहोचले आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय तेथे गेले. त्यांच्याबरोबर जटाधारी साधूंची प्रतिमा व गांजा हा शब्द तेथे पोहोचला, असा युक्तिवाद अजय व लक्ष्मी मानसिंग या अभ्यासकांनी केला आहे. हॉवेल यांनी आपल्या १९३० च्या दशकातील पुस्तिकेवर ‘जी. जी. मराघ’ हे नाव घातले, त्यात ‘महाराज’ शब्दाची छाया दिसते, हा त्यातील एक दुवा. शब्दांच्या बाबतीत हे मत भक्कम आहे. केसांच्या बाबतीत मात्र ते शक्यतेपलीकडे जात नाही. एकोणिसाव्या शतकातील मजुरांमध्ये जटा राखणारे किती होते हा कळीचा मुद्दा आहे आणि युक्तिवाद त्याला बगल देतो. शेव्हान्स यांचे मत प्रत्यक्ष साक्षींवर उभे असल्याने तूर्त तेच अधिक विश्वसनीय मानावे लागते. १९६० मध्ये स्मिथ, ऑगियर व नेटलफर्ड या अभ्यासकांनी किंग्स्टनमधील पंथीयांवर सादर केलेल्या अहवालात बटा राखणारे ‘लॉक्समेन’ हा वेगळा वर्ग म्हणूनच नोंदलेला आहे. तोपर्यंत प्रथा स्थिर झाली होती, एवढे निश्चित.

जमैकापूर्व काळातील दाखले सावधपणे घ्यावे लागतात. ग्रीसमधील सँटोरिनी बेटावरील आक्रोतिरी येथील भित्तिचित्रांत (सुमारे इ. स. पू. सोळावे–सतरावे शतक) मुलांच्या मुंडलेल्या डोक्यावरून लोंबणाऱ्या काळ्या बटा दिसतात, पण त्या बटा की वेण्या, हे चित्रावरून ठरत नाही. प्राचीन ईजिप्तमधील केसांच्या टोपांबाबतही हीच अडचण आहे. ऋग्वेदातील (१०·१३६) ‘केशी’ हा लांब केसांचा मुनी आहे, इतकेच शब्दावरून म्हणता येते. रुद्राचे ‘कपर्दिन्’ हे विशेषण (१·११४) कवडीसारख्या वळवलेल्या किंवा गुंफलेल्या केसांकडे निर्देश करते. नामिबियातील हिंबा स्त्रियांचे लोणी व गेरू यांच्या लेपातले केस लोकप्रिय लेखनात ड्रेडलॉक्स म्हणून दाखवले जातात. वस्तुतः त्या लेप दिलेल्या वेण्या आहेत. याउलट घानामधील आकान पुजारी आणि सेनेगालमधील बाये फाल पंथीय यांच्या बटा खऱ्या अर्थाने बटाच होत. योरुबा लोकांत जन्मतः केस गाठाळणाऱ्या मुलाला ‘दादा’ म्हणतात व त्याचे केस सहजासहजी कापत नाहीत. कुरळा केस मोकळा सोडला की स्वतःच बट धरतो, ही गोष्ट या प्रथेत पूर्वीच ओळखली गेली आहे, म्हणून हा दाखला विशेष मोलाचा आहे.

केसांचा पीळ व बट होण्याची क्रिया : केस कुरळा असणे मुख्यतः केशपुटकात (केस जेथून उगवतो त्या त्वचेतील पोकळीत) ठरते. पुटक वाकलेले असेल, तर त्यातून येणारा केस पीळ घेतच वाढतो व त्याचा छेद वर्तुळाऐवजी चपटा, लंबवर्तुळाकार असतो. निरनिराळ्या प्रकारच्या केसांतील केराटिन या प्रथिनाच्या घटकांत मोठा फरक आढळत नाही. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांची १ ते ४ अंकांची वर्गवारी व्यवहारात सर्वत्र चालते. परंतु २००७ मध्ये मांडलेली, पिळाचा व्यास व वळणे प्रत्यक्ष मोजून केलेली आठ प्रकारांची वर्गवारी अधिक काटेकोर आहे. घट्ट पिळाचा केस ओढून जेवढा लांब भरतो, त्याच्या निम्म्याहूनही आखूड दिसू शकतो. डोक्याच्या त्वचेतील तेलकट स्राव पिळाच्या वळणांवरून टोकापर्यंत नीट उतरत नाही, म्हणून असे केस कोरडे राहतात आणि वळणाच्या जागी तुटतात.

बट बनण्याची तुलना बहुधा लोकरीचा नमदा (तंतू दाबून, आवळून केलेले जाड कापड) होण्याशी केली जाते. लोकरीच्या तंतूवरील खवले एका दिशेने घसरतात, उलट दिशेने अडतात, त्यामुळे तंतू आवळत जातात. मानवी केसावरही खवले असतात. पण केवळ त्यांनी काम भागत असते, तर सरळ केसांच्या बटाही तितक्याच सहज झाल्या असत्या. तशा त्या होत नाहीत. त्यांना उलटे विंचरून, आकड्याची सुई चालवून गुंतवावे लागते. म्हणून कुरळ्या केसांत खवल्यांपेक्षा पिळांचे परस्परांत अडकणे व केसाची स्वतःभोवती गाठ बसणे ही कारणे प्रधान मानणे योग्य. खुमालो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासात आफ्रिकी केसांत अशा गाठी युरोपीय केसांच्या मानाने कितीतरी अधिक आढळल्या, हे या मताला पोषक आहे.

लांबी : लांब बटांचे मर्म गळणाऱ्या केसांत आहे, आणि लोकप्रिय लेखनात नेमका हाच भाग सुटतो. डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग गळतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. विंचरणाऱ्याच्या कंगव्यात ते निघून जातात. बटेत मात्र ते अडकून राहतात व बटेचाच भाग बनतात. त्याच पुटकातून उगवणारा नवा केस मुळाशी बटेत गुंफला जातो. त्यामुळे दहा वर्षांच्या बटेच्या खालच्या भागातील बहुतेक केसांचा डोक्याशी संबंध केव्हाच तुटलेला असतो आणि बटेची लांबी एका केसाच्या आयुष्याने बांधलेली राहत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आशा मंडेला यांच्या बटांची लांबी ५·९६ मीटर नोंदली गेली; इतका लांब एकसंध केस सहा वर्षांच्या वाढीत येणे शक्य नाही.

यातूनच धोकाही उद्भवतो. बट खाली जाड व जड होत जाते, पण तिला धरून ठेवणारे केस मुळाशी पूर्वीइतकेच असतात. म्हणून जुनी बट तुटते ती बहुधा मुळाशी. वाढीचा वेग महिन्याला सुमारे पाऊण ते सव्वा सेंटिमीटर धरला आणि सुरुवातीच्या आकसण्याचा हिशेब केला, तर कमरेपर्यंतच्या बटांना सहा ते दहा वर्षे लागतात. ही मुदत कमी करण्याचा कोणताही लेप वा तेल नाही; हाती असते ते फक्त तुटणे कमी करणे.

सुरुवात : केसांचे चौकोनी वा विटांच्या रचनेसारखे भाग पाडून प्रत्येकाला कंगव्याने पीळ देणे, दोन पेडांचा पीळ घालणे किंवा बारीक वेण्या घालणे या रूढ पद्धती होत. काहीच न करता केस आपापले गट धरू देणे ही ‘फ्रीफॉर्म’ पद्धत. जोॲन कॉर्नवेल यांनी १९९३ मध्ये प्रचारात आणलेल्या ‘सिस्टरलॉक्स’ पद्धतीत आकड्याने मुळाशी केस ओवून अतिशय बारीक, बहुधा चारशेहून अधिक बटा करतात. एरवी ही संख्या शंभराच्या आसपास असते. लांब बटांचे उद्दिष्ट असेल, तर भाग फार लहान पाडू नयेत, कारण बटेचे पुढचे सगळे वजन त्या इवल्या चौकोनाने पेलायचे असते. पहिल्या महिन्यांत पीळ उसवतात. तीन ते सहा महिन्यांत बटेच्या मध्यभागी बोटांना लागणाऱ्या गाठी तयार होतात. मग केस फुगून विस्कटलेले दिसतात. अनेक जण या टप्प्यावर निराश होऊन प्रयत्न सोडतात. खरे तर विस्कटलेपण हीच बट धरत असल्याची खूण असते. दीड-दोन वर्षांत बट आतून घट्ट होते.

निगा : बटा धुवायच्या नसतात हा समज चुकीचा व अपायकारक आहे. स्वच्छ केस तेलकट केसांपेक्षा अधिक चांगले गुंततात. आठ-पंधरा दिवसांनी, थर न ठेवणाऱ्या पातळ शाम्पूने डोक्याची त्वचा बोटांनी चोळून धुवावी आणि फेस बटांवरून नुसता ओघळू द्यावा. त्याहून महत्त्वाचे वाळवणे. जाड बट बाहेरून कोरडी लागली तरी आत तासन्‌तास ओली असते. ती तशीच बांधून झोपल्यास आत बुरशी धरून न जाणारा कुबट वास येतो. म्हणून सकाळी धुऊन, टॉवेलात पिळून, मोकळ्या हवेत वा कोमट झोतात पूर्ण वाळवणे हेच बरे. मेण, व्हॅसलीन व घट्ट मलमे बटेत शिरतात, पण बाहेर येत नाहीत. धूळ व कपड्यांचे तंतू त्यांना चिकटून बसतात.

खाण्याच्या सोड्यात बटा भिजवण्याची टूम फार पसरली आहे. केसाच्या दांड्याचा सामू (पीएच, आम्लता-अल्कतेचे माप) सुमारे ३·७ व डोक्याच्या त्वचेचा ५·५ असतो. सोड्याचे पाणी ८ च्या वर जाते. अशा अल्कधर्मी पाण्यात खवले उघडतात, घर्षण वाढते आणि आधीच कोरडा असलेला कुरळा केस ठिसूळ होतो. नंतर पातळ व्हिनेगर वापरल्याने सामू खाली येतो, झालेली झीज मात्र भरून येत नाही. वर्षातून एखादे वेळी ठीक, दरमहा नको.

मुळाशी उगवलेला नवा केस तळहातांत वळून किंवा आकड्याने ओवून बटेत घेतात. चार ते सहा आठवड्यांच्या आत हे करू नये. दरवेळी ताण देऊन वळलेली मुळे बारीक होतात आणि कपाळ व कानशिलांवरची केसरेषा मागे हटते. या ताणजन्य केसगळतीत सुरुवातीला केस परत येतात. ताण वर्षानुवर्षे चालू राहिल्यास पुटके कायमची नष्ट होतात. मुळांत दुखणे व पुळ्या येणे हे तिचे पूर्वसूचक आहे. डौलासाठी ते सोसू नये. शेजारच्या दोन बटा मुळाशी जुळू लागल्यास धुतल्यावर हातानेच विलग कराव्यात. बारीक झालेली बट हेतुपूर्वक शेजारणीशी जोडून वाचवताही येते. रात्री सॅटिन वा रेशमाचे फडके बांधल्याने घर्षण व तंतू दोन्ही टळतात. कमरेखाली गेलेल्या ओल्या बटा डोक्यावर उंच बांधू नयेत. त्यांचा भार मानेवर व पुढच्या मुळांवर येतो.

सामाजिक व कायदेशीर स्थिती : जमैकात १९६३ मधील कोरल गार्डन्स येथील हिंसक चकमकीनंतर रास्ताफारींना पकडून त्यांच्या बटा सक्तीने कापल्या गेल्या, याबद्दल तेथील शासनाने २०१७ मध्ये माफी मागितली. केनियात बटांमुळे शाळेबाहेर काढलेल्या विद्यार्थिनीच्या बाजूने उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला. अमेरिकेत २०१६ मध्ये एका संघराज्यीय अपील न्यायालयाने बटांमुळे नोकरी नाकारणे हा वांशिक भेदभाव मानला नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा करून असा नकार वांशिक भेदभाव मानला आणि इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

उलगडणे : बटा काढायच्या तर मुंडणच करावे लागते, असे सर्वत्र मानले जाते, पण ते खरे नाही. कुरळ्या केसांच्या बटा भरपूर कंडिशनर लावून टोकाकडून मुळाकडे, सुईने वा कंगव्याच्या दातांनी उकलता येतात. मात्र काम कित्येक दिवस चालते. उकलताना ओंजळी भरभरून केस हाती येतात आणि टक्कल पडते की काय अशी भीती वाटते. ते केस त्या दिवशी गळलेले नसतात. वर्षानुवर्षे गळून बटेत राहिलेले असतात.