लिस्बन : प्रवास व नगरदर्शन

लिस्बन : पोर्तुगालची राजधानी व त्या देशातील सर्वांत मोठे शहर. पोर्तुगीज नाव लिझबोआ. लोकसंख्या सुमारे ५.४६ लाख (२०२१). उपनगरे धरल्यास वस्ती याच्या पाचपट होते. टेगस (पोर्तुगीज : तेजू) नदी अटलांटिकला मिळते त्या मुखाजवळ, उत्तर तीरावर हे शहर वसले आहे. रोमन काळात ते ओलिसिपो म्हणून ओळखले जाई. ऑक्टोबर ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सु हेन्रीकेश याने उत्तर युरोपातून आलेल्या क्रुसेडवीरांच्या मदतीने ते मूरांकडून घेतले. राजधानी कोइंब्राहून येथे आली ते वर्ष बहुतेक ग्रंथांत १२५५ दिले जाते. मात्र तसा स्वतंत्र हुकूम किंवा कायदा उपलब्ध नाही. दरबार हळूहळू येथे स्थिरावला, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

भूरचना व सात टेकड्यांचा वाद : लिस्बनमध्ये नकाशावरचे अंतर फसवे असते. बाइशा हा मधला सपाट भाग आणि शियादू ही पश्चिमेकडील वस्ती एकमेकींना लागून आहेत, पण त्यांच्यामध्ये उभा चढ आहे. मुक्कामाची जागा ठरवताना भाड्याइतकाच हा चढ विचारात घ्यावा. शहर सात टेकड्यांवर वसल्याचे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचा आधार म्हणून फ्राय निकोलाउ द ओलिवेइरा या धर्मगुरूने १६२० मध्ये छापलेले नगरवर्णन दाखवले जाते. त्याने सां जॉर्ज, सां विसेंत, सांतु आंद्रे, सांताना, सां रॉक, शागाश व सांता कातारिना अशी सात नावे दिली. जुन्या शहरातील सर्वांत उंच मानली जाणारी ग्रासा टेकडी या यादीत नाही. नदीतून गलबताने येणाऱ्याला ती किल्ल्याच्या टेकडीमागे झाकलेली दिसते म्हणून सुटली, असे एक स्पष्टीकरण आहे. सांतु आंद्रेमध्येच ती गृहीत धरली होती, असे दुसरे. त्या वेळी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होता (१५८०–१६४०) आणि लिस्बनला रोमच्या तोडीचे ठरवण्याची हौस त्या काळच्या लेखनात जागोजाग दिसते. सात हा आकडा आधी ठरला आणि टेकड्या मागाहून मोजल्या, हे मत त्यामुळे पटण्याजोगे आहे. पायी फिरणाऱ्याला टेकड्या सातापेक्षा जास्तच भरतात.

फरसबंदी : पांढरा चुनखडक व काळा बेसाल्ट यांचे मुठीएवढे चौकोनी तुकडे हाताने ठोकून बसवलेले नक्षीदार पदपथ ही या शहराची ओळख आहे. या फरसबंदीचा उगम कधीचा, यावर एकमत नाही. काही लेखक ती पहिल्या मानुएल राजाच्या १४९८ व १५०० सालच्या आज्ञापत्रांपर्यंत मागे नेतात. त्या आज्ञांनुसार व्यापाऱ्यांचा मुख्य रस्ता पोर्तूकडच्या ग्रॅनाइटने बांधण्यात आला. राजाच्या मिरवणुकीतील गेंड्याने चिखल उडवू नये म्हणून रस्ते बांधले, अशी एक रंजक कथाही सांगतात. पण तो गेंडा १५१५ मध्ये लिस्बनला पोचला, म्हणजे कथा आज्ञापत्रांशी जुळत नाही. शिवाय त्या कामात आजच्यासारखी दोन रंगांची नक्षी असल्याचा पुरावा मिळत नाही आणि १७५५ च्या भूकंपात तो रस्ताच नाहीसा झाला. आजच्या पद्धतीचा आरंभ १८४२ मध्ये धरणे सुरक्षित वाटते. त्या वर्षी सां जॉर्ज किल्ल्याचा लष्करी अधिकारी एउझेबियु फुर्तादू याने बेड्या घातलेल्या कैद्यांकडून किल्ल्यात नागमोडी नक्षीची फरशी करवून घेतली. हे काम लोकांना आवडले आणि १८४८–४९ मध्ये रॉसियू चौकात लाटांची प्रसिद्ध नक्षी बसवली गेली. हीच नक्षी पुढे ब्राझीलमध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर गेली. कारागीर कमी होत चालल्याने नगरपालिकेने १९८६ मध्ये या कामाचे शिक्षण देणारी शाळा काढली.

प्रवाशाच्या दृष्टीने मुद्दा असा, की शतकभराच्या वर्दळीने हे दगड काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उतारावर पाय ठरत नाही. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घ्यावेत. चाकांची बॅग या दगडांवरून ओढणे त्रासाचे असते; किल्ल्याखालच्या अल्फामा या जुन्या वस्तीत तर अनेक गल्ल्या म्हणजे पायऱ्याच आहेत आणि टॅक्सी दारापर्यंत जात नाही.

भूकंप आणि आजचे शहर : १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमले असताना मोठा भूकंप झाला. त्यामागोमाग नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि अनेक दिवस आग धुमसत राहिली. मृतांचे आकडे लेखकागणिक बदलतात. जुन्या वृत्तांतांतील ६० हजार किंवा त्याहून मोठे आकडे आता अतिशयोक्त मानतात व ३० ते ४० हजारांच्या आसपासचा अंदाज अधिक स्वीकारला जातो. पुढे पोंबालचा मार्क्विस झालेला मंत्री सेबास्तियां जुझे द कार्व्हाल्यू इ मेलू याच्या देखरेखीखाली मानुएल द माया, एउजेनियु दुश सांतुश व कार्लुश मार्देल यांनी बाइशाची काटकोनी आखणी केली. नव्या इमारतींच्या भिंतींत ‘गायोला’ म्हणजे पिंजरा नावाची लाकडी चौकट घातली गेली, जेणेकरून धक्का बसल्यास दगडी बांधकाम ढासळले तरी सांगाडा उभा राहावा. आज बाइशात सोनार, चांदीकाम करणारे, चांभार अशा धंद्यांची नावे असलेले सरळ रस्ते दिसतात, ते या आखणीतले. भूकंपापूर्वीच्या शहराची वळणे पाहायची तर अल्फामा व मोरारिया गाठावे. भूकंपात कोसळलेले कार्मू मठाचे छत पुन्हा घातले गेले नाही. उघड्या कमानींखाली सध्या पुरातत्त्व संग्रहालय आहे.

शहरांतर्गत वाहतूक : उंबेर्तु देल्गादु विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ७ किमी. वर असून २०१२ पासून मेट्रोच्या लाल मार्गाने जोडलेला आहे. मेट्रो १९५९ मध्ये सुरू झाली. तिचे चार मार्ग आहेत. मेट्रो, बस व ट्रामसाठी ‘नाव्हेगांते’ हे कागदी कार्ड स्थानकावरील यंत्रातून घेता येते. कार्डाची किंमत अर्धा युरो. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते; दोघांनी मिळून एक वापरता येत नाही. कार्डात एका वेळी एकाच प्रकारचे भाडे भरलेले राहते, म्हणून सुट्टी रक्कम भरायची की २४ तासांचा पास, हे आधी ठरवावे. ट्रामच्या चालकाकडून घेतलेले तिकीट बरेच महाग पडते.

कारिश या कंपनीच्या घोड्यांच्या ट्राम १८७३ मध्ये व विजेच्या १९०१ मध्ये सुरू झाल्या. रुळांतील अंतर अवघे ९०० मिमी. असल्याने जुने आखूड डबे अरुंद वळणांतून निघतात. मोठे नवे डबे तिथे शिरूच शकत नाहीत, हे जुने डबे टिकण्याचे खरे कारण. क्रमांक २८ ची ट्राम मार्तीं मोनीश ते कांपु द ओरीक अशी अल्फामातून जाते. ती प्रसिद्ध असल्याने दुपारी आत उभे राहायलाही जागा नसते आणि पाकीटमारांचे ते आवडते ठिकाण आहे. सकाळी लवकर, सुरुवातीच्या थांब्यावरून बसावे. क्रमांक १२ ची छोटी फेरीही अल्फामाच्या चढावरून जाते.

टेकड्यांसाठी उभारलेल्या यंत्रांपैकी लाव्हरा (१८८४), ग्लोरिया (१८८५) व बीका (१८९२) हे दोरखंडी रेल्वेचे मार्ग जुने. एकाच केबलने जोडलेल्या दोन डब्यांपैकी एक उतरताना दुसऱ्याला वर खेचतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया मार्गावर केबल सुटून एक डबा उतारावरून घसरला व १६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर हे सर्व मार्ग तपासणीसाठी थांबवण्यात आले. प्रवासापूर्वी सद्यःस्थिती पाहून घ्यावी. सांता जुस्ताचा लोखंडी लिफ्ट-मनोरा (१९०२) राउल मेस्निये दु पोंसार याचा आहे. पुष्कळ प्रवासपुस्तिका त्याचे श्रेय आयफेलला देतात, त्याला आधार नाही. खाली रांग लावण्यापेक्षा कार्मू चौकाच्या बाजूने मनोऱ्याला जोडणाऱ्या पुलावर जाणे सोपे. बाइशा-शियादू मेट्रो स्थानकाचे सरकते जिने तिकिटाशिवाय वापरून खालच्या रस्त्यावरून थेट शियादूत वर येता येते. स्थानिक लोक तेच करतात. किल्ल्याच्या बाजूला फान्केइरुश रस्त्यावरील इमारतीत नगरपालिकेचा मोफत लिफ्ट आहे.

बेलें : गोवा व कोकणच्या इतिहासाशी सर्वाधिक संबंध असलेला भाग शहराच्या पश्चिमेला आहे. तेथे मेट्रो जात नाही. ट्राम १५ किंवा काइश दु सोद्रे स्थानकावरून काश्काइशची लोकल घ्यावी. लोकलला गर्दी कमी. जेरॉनिमुश मठाचा पाया १५०१ किंवा १५०२ मध्ये घातला गेला. दोन्ही वर्षे ग्रंथांत आढळतात. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामा व उजवीकडे कवी कामोंइश यांच्या शवपेट्या आहेत. गामा डिसेंबर १५२४ मध्ये कोचीला वारला. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालमधील व्हिदिगेइरा येथे व १८८० मध्ये येथे आणले. आणलेली हाडे दुसऱ्याच कोणाची असल्याचे पुढे ध्यानात आले आणि १८९८ मध्ये बदल करण्यात आला, असे मानतात. कामोंइशच्या पेटीबद्दल तर शंका अधिक रास्त आहे, कारण त्याचे मूळ दफनस्थळच भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. चर्चला तिकीट नाही. मठाच्या ओवऱ्यांना आहे व रांग तिथेच लागते.

बेलेंचा बुरूज सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील असून फ्रान्सिस्कु द आर्रुदा याने बांधला. त्याच्या एका छोट्या बुरुजीच्या तळाशी, झिजून ओळखू न येण्याच्या बेतात आलेले गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघून मे महिन्यात लिस्बनला पोचला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो न पाहताच त्याचे चित्र काढले, म्हणून गेंड्याच्या पाठीवर नसलेले चिलखत आले. मठ व बुरूज १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दोन्ही सोमवारी बंद; टाइल संग्रहालय आणि प्राचीन कला संग्रहालयही सोमवारी बंद असतात, तर गुलबेंकियान कलासंग्रहालय मंगळवारी.

अभिलेखागारे : मराठी अभ्यासकांसाठी लिस्बनचे महत्त्व येथील दप्तरांत आहे. तोर्रे दु तोंबू हे राष्ट्रीय अभिलेखागार किल्ल्याच्या एका बुरुजात होते. १७५५ मध्ये बुरूज कोसळला, तरी वयोवृद्ध मानुएल द माया (तोच त्याचा प्रमुख होता) याने कागद ढिगाऱ्यातून काढून लाकडी पडवीत हलवले, म्हणून ते वाचले. नदीकाठच्या राजवाड्यातील व कासा दा इंदिया (हिंदुस्थानच्या व्यापाराचे सरकारी कार्यालय) येथील कागद मात्र गेले. त्यामुळे सोळाव्या शतकातील हिंदुस्थानच्या व्यापाराचे हिशेब तुटक मिळतात. १९९० पासून अभिलेखागार विद्यापीठ परिसरातील नव्या इमारतीत आहे. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबरच्या गोवा–लिस्बन पत्रव्यवहाराची (‘मोंसोंइश’) काही बाडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याहून येथे आणली. उरलेली पणजीत आहेत. संशोधकाने दोन्हीकडे जाण्याची तयारी ठेवावी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतरच्या काळासाठी जुंकेइरा भागातील सागरपार इतिहासाचे अभिलेखागार उपयोगी पडते. वाचनालयात पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. तोंबूतील बरेच कागद संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांची सूची घरीच करून गेल्यास दिवस वाचतात.

व्यवहार : पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात आहे, व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वेळ भारताच्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. भारतीय तीन पिनांचा प्लग चालत नाही. मुक्कामावर माणशी प्रतिरात्र ४ युरो नगरकर असतो (सप्टेंबर २०२४ पासून, जास्तीत जास्त सात रात्री). एप्रिल–मे व सप्टेंबर–ऑक्टोबर फिरण्यास उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो. १२–१३ जूनला संत आंतोनियुच्या सणात अल्फामाभर सार्डिन भाजल्याचा धूर असतो आणि खोल्या मिळत नाहीत. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. आपत्कालीन क्रमांक ११२. बाइशाच्या रस्त्यांवर कानाशी येऊन चरस विचारणारे विक्रेते बहुधा दाबलेले तमालपत्र विकतात. ‘नाही’ म्हणून पुढे चालावे.

उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते. ते फुकट नसते; नको असल्यास हात न लावता परत पाठवावे. दुपारचे ‘दिवसाचे ताट’ स्वस्त पडते. शाकाहाऱ्यांनी भाजीच्या सूपबद्दलही विचारावे, कारण काल्दु व्हेर्दमध्ये डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती टाकतात. समोसा ‘शामुसा’ या नावाने साध्या कॅफेतही मिळतो, पण आत बहुधा मांस असते. लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवण मिळते. तेथील समाज मुख्यतः मोझांबिकमार्गे आलेल्या गुजरातींचा आहे.

परिसर : सिंत्रासाठी रॉसियू स्थानकावरून सुमारे ४० मिनिटांची लोकल आहे. काइश दु सोद्रेहून कासील्यासची बोट घेतल्यास नदीपलीकडून संपूर्ण शहर दिसते.