ऐन की अर्जुन? पान सोडा, साल बघा

जंगलात फिरायला गेलं की कोणीतरी ऐनाच्या झाडाला अर्जुन म्हणतंच, आणि त्यात त्यांची चूकही नसते, कारण दोघं एकाच कुळातले, पानं बरीचशी सारखी, पानाच्या बुडाशी बारक्या गाठी दोघांनाही, फळाला पाच पंख दोघांच्याही, वर परत नावाचा घोळ, सादडा म्हटलं की कुठे ऐन समजतात तर कुठे अर्जुन. म्हणून पानं बघत बसू नका, सरळ खोडाला हात लावा.

ऐनाची साल काळपट, जाड, उभ्या-आडव्या भेगा पडून चौकटी झालेली, अगदी सुसरीची पाठ! भेगेत बोटाचं टोक सहज जातं. गोव्यात यालाच माट्टी म्हणतात, तिथला राज्यवृक्ष आहे तो. उन्हाळ्यात काही ऐन खोडात पाणी साठवतात, २०२४ च्या मार्चमध्ये आंध्रातल्या पापिकोंडा नॅशनल पार्कात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाची साल छाटली तर नळ सोडल्यासारखं पाणी आलं, तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल.

अर्जुन एकदम उलटा. साल गुळगुळीत, पांढुरकी-करडी, मधेच गुलाबीसर झाक, तळहात फिरवला तर कुठे अडकत नाही. मोठे पातळ पापुद्रे सुटतात आणि खालची नवी साल फिकट दिसते, त्यामुळे ओढ्याकाठच्या गर्द सावलीतही तो लांबून उठून दिसतो. तो मूळचा पाण्याकाठचा, ऐन डोंगरउतारावरचा, पण हल्ली अर्जुन रस्त्याकडेलाही लावतात म्हणून नुसत्या जागेवर जाऊ नका.

फळ मिळालं तर पंखावरच्या रेषा बघा, ऐनाच्या आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात.

कापलेल्या लाकडाचं मात्र अवघड आहे. दोन्ही जड, दोन्ही तपकिरी, दोन्हीत गडद रेघा, नुसत्या फळीवरून मी तरी पैज लावणार नाही. कोकणातल्या जुन्या घरात तुळई सागाची नसेल तर ऐनाची असू शकते, एवढंच म्हणेन.

आणि एक, अर्जुन ओळखता आला की लोक औषधासाठी साल काढायला जातात. आमच्या नदीकाठच्या एका झाडाची कोणीतरी बुंध्याभोवती गोल, पार लाकडापर्यंत सोलून नेली, ते झाड उभ्या उभ्या वाळलं. खरं तर एकाच बाजूची, वरवरची काढली असती, आतला थर राखला असता, तर साल परत भरून आली असती हो.