चतुराच्या पंखांना शटर पुरत नाही

पाऊस ओसरू लागला की गोव्यात सड्यांवर आणि सरद (पावसाळी) भाताच्या शेतांवर चतुर घिरट्या घालू लागतात. हाताशी बरा कॅमेरा असलेला माणूस त्यांच्या मागे लागतोच आणि घरी येऊन फोटो मोठा करून बघितला की हिरमुसतो. शटर १/४००० सेकंदावर ठेवलं होतं, डोळे-धड लख्ख आलंय, पंखांच्या टोकांशी मात्र नुसते धुरकट फराटे. मग दोष लेन्सला दिला जातो, नाहीतर थरथरत्या हाताला. दोष दोघांचाही नसतो.

प्राणी किती वेगाने जातो एवढ्यावर काही ठरत नाही. त्याची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, किती वेगाने सरकते, ते बघायचं. मांडवीच्या पुलावरून ताशी ६० किलोमीटरने जाणारी बस ५० मीटरवरून ५० मिमीच्या लेन्सने टिपली, तर सेन्सरवर ती हजारपट लहान होते आणि तिची प्रतिमा सेकंदाला जेमतेम १७ मिमी सरकते. आता चतुर घ्या. पंख ४ सेंमी लांब, सेकंदाला तीसेक वेळा वर-खाली, दर खेपेला साधारण ७० अंशांतून. हिशेब मांडला तर मधल्या टप्प्यात पंखाचं टोक सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास धावतं. बसच्या मानाने हळूच. पण चतुर नीट दिसावा म्हणून आपण त्याला फक्त दहापट लहान करतो, त्यामुळे सेन्सरवर तेच टोक सेकंदाला ४५० मिमी पळतं. म्हणजे बसच्या पंचवीस पटींहून जास्त.

१/४००० सेकंदात हे टोक ०.११ मिमी सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरवर एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, सुमारे ४ मायक्रॉनचा (०.००४ मिमीचा) असतो, तेव्हा फराटा झाला २८ पिक्सेलांचा. तो पाच-सहा पिक्सेलांत आणायचा तर १/२०,००० सेकंद हवेत.

इथे हटकून कोणीतरी सांगतं, की नव्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर १/३२,००० पर्यंत जातं. जाहिरातीतला हा आकडा खोटा नाही, पण त्याने दिशाभूल होते. सेन्सरची प्रत्येक ओळ तेवढाच वेळ उघडी राहते हे खरं. मात्र पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत साध्या सेन्सरला २० मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. चतुराची एक फडफड ३३ मिलिसेकंदांची. म्हणजे फोटोचा वरचा भाग टिपला तेव्हा पंख एकीकडे होता आणि खालचा टिपेपर्यंत दुसरीकडे गेला. पंख धारदार येतात, पण रबराचे असल्यासारखे वाकलेले.

मग १/२०,००० आणायचं कुठून? कॅमेऱ्यावर बसणाऱ्या साध्या फ्लॅशमधून. फ्लॅशच्या पोटात ३०० व्होल्टच्या वर चार्ज होणारा कपॅसिटर असतो. तो झेनॉन वायूच्या नळीतून रिकामा होतो तेव्हा लखलखाट होतो. पूर्ण पॉवरवर तो अख्खा रिकामा व्हायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो आणि प्रकाशाला मागे लांब शेपटी राहते. पॉवर कमी केली की दिवा मंद होतो असा समज आहे. तसं होत नाही. दिवा तितक्याच प्रखरपणे पेटतो, फक्त एक इलेक्ट्रॉनिक स्विच विजेचा प्रवाह मध्येच तोडतो. म्हणून पॉवर उतरवली की चमक आखूड होते: १/८ ला साधारण १/५००० सेकंद, १/१६ ला १/१०,०००, १/३२ ला १/२०,०००, १/६४ ला १/३५,००० च्या आसपास. (स्टुडिओतल्या जुन्या मोठ्या दिव्यांत व्होल्टेज उतरवून पॉवर कमी करतात, तिथे उलटं घडतं, चमक लांबते. ते या कामाला घेऊ नयेत.) अंधारात शटर कितीही वेळ उघडं असलं तरी चित्र उमटतं ते त्या क्षणिक उजेडातच. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात याच तत्त्वावर दुधाचे थेंब आणि पक्ष्यांचे पंख गोठवले होते.

आता व्यवहार. १०० मिमी मॅक्रो लेन्सने (जवळून फोटो घ्यायच्या लेन्सने) दहापट लहान प्रतिमा मिळते ती सुमारे १.१ मीटरवरून. लेन्सचं छिद्र एफ/११, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ४००, शटर १/२००. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ४० चा फ्लॅश १/३२ पॉवरवर जेमतेम सव्वा मीटर पोचतो, आणि उजेड मऊ करायला पुढे बटर पेपर लावला की तेवढाही नाही. तेव्हा पॉवर वाढवू नका, दुसरा फ्लॅश जोडा. एकच फ्लॅश १/१६ वर नेला तर उजेड तितकाच मिळेल, पण फराटा दुप्पट होईल. फ्लॅशचा हाय-स्पीड सिंक मोडही बंद हवा. त्यात एका चमकेऐवजी चमकांची रांग सुटते, पुन्हा सगळा भार शटरवर येतो आणि कमावलेलं सगळं हातचं जातं.

सगळ्यात जास्त फसतं ते आजूबाजूच्या उन्हामुळे. वरच्या सेटिंगला भर उन्हात फोटो दोन स्टॉप जास्तच उजळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), फ्लॅशला काही कामच उरत नाही. म्हणून हे तंत्र कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं. पोफळींच्या दाट सावलीत, पाटाच्या किंवा ओहोळाच्या कडेला टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) आणि रानातले चतुर बसतात. तिथे ऊन पाच-सहा स्टॉपने उतरलेलं असतं. पार्श्वभूमी काळी येते, त्यावर उपाय म्हणजे मागे अर्ध्या मीटरवर केळीचं पान येईल असा कोन धरणं. उघड्या शेतात फ्लॅश विसरा. तिथे १/४००० वर भराभर फोटो घ्या. पंख वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो, त्या क्षणी सापडलेला फोटो निवडा.

चतुर डंख मारतो म्हणून मुलं त्याला घाबरतात, तीच मुलं त्याच्या शेपटीला दोराही बांधतात. त्याला नांगी नसतेच. शेपटीच्या टोकाचे चिमटे नराला मादी धरण्यासाठी असतात. आणि फोटोसाठी चतुराला फ्रिजमध्ये थंड करून बसवणं, हा प्रकार ऐकूनही संताप यावा असाच आहे.

फोकस मात्र उडत्या चतुरावर करायला जाऊ नका. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत ५० मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला तीन मीटरने येणारा चतुर १५ सेंमी पुढे सरकलेला असतो आणि एफ/११ लाही फोकसची खोली मिळते पाचेक सेंमी. बरेच चतुर उडून पुन्हा त्याच काडीवर येतात, बहुधा वाऱ्याकडे तोंड करून. काडीच्या ज्या बाजूला वारा वाहून जातो तिथे एक वीत सोडून मॅन्युअल फोकस लावा, कॅमेरा त्याच्या वाटेला आडवा धरा, म्हणजे तो येताना फोकसच्या पट्टीतूनच सरकेल. बोट दाबायचं ते तो काडीशी पोचण्याच्या जरा आधी.